सगळं खरं, फक्त एक विचारू?

लोकांचे मुद्दे खिळखिळे करायला शिकवणं हा माझा धंदा आहे. लग्नात, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या बाकावर कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी हेच उत्तर देते आणि समोरच्या बाईचा चेहरा बघत बसते. ती आधी हसते, मग जराशी सरकून बसते. मला त्या सरकण्याची फार मजा वाटते.

यात भिण्यासारखं काही नाही. वकील हेच करतात, विरोधी पक्ष हेच करतो, माझ्या सासूबाई तर झोपेतसुद्धा करायच्या. मी फक्त फी घेऊन शिकवते.

औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यावरच्या दोन खोल्यांत आमचा स्पर्धा परीक्षांचा वर्ग चालतो. गणिताला एक सर आहेत, इंग्रजीला एक बाई आहेत, ते दोघं आयुष्यात उपयोगी पडेल असं काहीतरी शिकवतात. माझ्याकडे तर्क. आणि तर्कातही माझा जीव एका प्रश्नावर आहे: 'खालीलपैकी कोणते विधान वरील युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करते?' हा प्रश्न दिसला की मुलांच्या पोटात गोळा येतो आणि माझ्या अंगात येतं.

आमच्या जिन्याच्या पायथ्याशी बाबूभाईंच्या बँडपथकाचं दुकान आहे. लग्नसराईत वर मी बोलत असते आणि खाली कुणीतरी ट्रम्पेट फुंकून बघत असतं. बाबूभाईंना एकदा मी माझा विषय समजावून सांगितला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जिना उतरले की खुर्चीतून न उठता ते विचारतात, "मॅडम, आज किसकू कमजोर करे?" मी त्या दिवशीचा प्रश्न सांगते. कधी पाणीकपातीचा, कधी शाळेच्या गणवेशाचा. ते शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, "हौ, बराबर है." मग आम्ही दोघं आपापल्या घरी जातो.

आता ज्यांनी आयुष्यात हा प्रश्न बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. या प्रश्नात एक माणूस काहीतरी ठासून सांगत असतो. आधी तो एखादी खरी गोष्ट सांगतो, मग 'म्हणून' म्हणतो आणि पलीकडे उडी मारतो. आमचं लक्ष त्या उडीवर. 'म्हणून'च्या अलीकडे जे आहे ते सगळं खरं धरायचं, त्याला बोट लावायचं नाही. 'म्हणून'च्या पलीकडे तो जिथं उतरला ती जागा जरा हलवायची. पाडायचीसुद्धा नाही, नुसती हलवायची. कपाटाच्या एका पायाखालची घडी केलेली पुठ्ठ्याची चकती काढून घेतली की कपाट पडत नाही, पण डुगडुगतं ना? तेवढंच.

नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला मी बाह्या सरसावून फळ्यापुढे उभी राहते आणि भरदार आवाजात वाचते: "शहागंजच्या एका हॉटेलापुढे दर सोमवारी भली मोठी रांग लागते. म्हणून तिथला मटणाचा नान-खलिया शहरात सगळ्यात चांगला." मग पर्याय. अ, हॉटेलचा मालक फार गर्विष्ठ आहे. ब, रांगेतल्या एका गिऱ्हाइकाला तिखट सोसत नाही. क, नान भट्टीत भाजतात. आणि मग मी आवाज खाली आणते, खिडकीकडे बघते, कुणाचं तरी गुपित सांगावं तशी म्हणते, "ड. त्या भागातली बाकीची सगळी हॉटेलं सोमवारी बंद असतात."

वर्गात एक हुंकार फिरतो. तो हुंकार हा माझा पगार आहे. रांग खरी, भूक खरी, खलियासुद्धा कदाचित खरोखर चांगला असेल. पण आता रांगेकडे बोट दाखवून ते सांगता येत नाही.

एका वर्षी मात्र हुंकाराच्या जागी पहिल्या बाकावरून आवाज आला. गंगापूरचा विलास हात वर न करताच उभा राहिला होता.

"रांग नसती मॅडम तिथं."

"प्रश्नात आहे ना, रांग असते म्हणून."

"प्रश्नात असंल. मी मागच्या सोमवारी गेलतो. दोन माणसं होती. त्यातला एक मी."

विलास हा जन्मजात भांडखोर मुलगा. हुशार, पण पुरावाच मान्य करायचा नाही. प्रश्नात लिहिलंय की पाऊस कमी झाला, तर हा म्हणणार, आमच्याकडं लई झाला. प्रश्नात लिहिलंय की एका गावात चाळीस विहिरी आहेत, तर हा म्हणणार, गावाचं नाव सांगा, मी मोजून येतो. मी त्याला कितीदा तरी सांगितलं की बाबा रे, पुरावा म्हणजे घरी आलेला पाहुणा. त्याच्या अंगावर धावून जायचं नाही. तो मान डोलवायचा आणि पुढच्या प्रश्नात पाहुण्याची गचांडी धरायचा.

त्याच बाकावर त्याच्या शेजारी बिडकीनची सुजाता बसायची. दोघांमध्ये एक दप्तर आणि जगातला सगळ्यात मोठा फरक. सुजाताला प्रत्येक युक्तिवाद पटायचा. ती प्रश्न वाचायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बरोबरच आहे की, मॅडम."

"बरोबर असू दे. पण कमकुवत करायचंय."

"कशाला करायचं? चांगलं बोलतोय बिचारा."

वर्ग हसायचा आणि मीही हसायचे. पण मला काळजी वाटायची. बँकेच्या अधिकारी पदासाठी ती तीन वर्षं बसत होती. पूर्वपरीक्षा दर वेळी पार, मुख्य परीक्षेत दर वेळी थोडक्यात बाहेर. आकडेमोडीत ती आमच्या सरांच्या पुढे धावायची. हा एकच प्रश्न तिला खाऊन टाकत होता. वडील एसटीत वाहक होते, नुकतेच निवृत्त झालेले. आई अंगणवाडीत. घरात मोठ्यांपुढे उलट बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि माझा अख्खा विषय म्हणजे उलट बोलणं.

एका दुपारी मी हात टेकले. म्हटलं, "सुजाता, तुमच्या घरात कुणीच कुणाचं म्हणणं खोडत नाही? काका, मामा, कुणीच नाही?"

तिनं विचार केला. "नाय मॅडम. आत्या आहे आमची, पण ती पण खोडत नाय. ती नुसतं विचारती."

"काय विचारते?"

"सोयरिकीच्या बैठकीत तिला नेतात. समोरचे लोक पोराचं कौतुक सांगतात. ती सगळ्याला व्हय म्हणती. सगळं खरं आहे, म्हणती, फक्त एक विचारू? आन् एकच विचारती."

"मग?"

"मग बहुतेक सोयरीक मोडती."

वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. मी खडू खाली ठेवला.  इतकी वर्षं मी फळ्यावर बाण काढत होते, आकृत्या काढत होते, आणि इथं बिडकीनला एक बाई पोह्याची बशी हातात धरून हेच करत होती, तेही माझ्यापेक्षा चांगलं.

ज्यांच्या घरात अशा बैठका झाल्या आहेत त्यांना ही बाई ओळखीची असेल. आपल्याकडे प्रत्येक भावकीत असं एक माणूस असतं. बैठकीत 'नाही' म्हणणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान, म्हणून 'नाही' कुणी म्हणत नाही. हे माणूस कोपऱ्यात बसून ऐकतं आणि निघायच्या वेळी एक साधा प्रश्न टाकतं. मुलगा नोकरीला आहे, लई चांगलं. साहेब सुट्टी देतात का त्याला? घर तीन मजली आहे, झकास. वरच्या मजल्यावर भाडेकरू कोण आहेत? संपलं. कुणी रागवत नाही, कुणी भांडत नाही, आणि 'म्हणून' जागेवरून हलतं.

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात बैठक मांडली. बाकं बाजूला सारली, सतरंजी टाकली, गणिताच्या सरांकडून पाण्याचा तांब्या आणला. विलासला नवरदेवाचा चुलता केलं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, पण ठासून बोलायची होती. सुजाता आत्या झाली, ओढणी डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसली. आणि नशीब असं की खाली बाबूभाईंच्या एका पोरानं नेमकं तेव्हाच क्लॅरोनेट काढलं.

विलास मांडी ठोकून म्हणाला, "आमच्या पोराकडं चारचाकी आहे. म्हणून घरची परिस्थिती एक नंबर आहे."

मी सुजाताकडे बघितलं.  ती मान थोडी तिरकी करून म्हणाली, "सगळं खरं. फक्त एक विचारू?"

"विचारा की."

"नंबरप्लेट पांढरी आहे का पिवळी?"

मग जो काय आवाज झाला तो ऐकून बाबूभाई जिना चढून वर आले. पिवळी प्लेट म्हणजे भाड्याची गाडी. ती दुसऱ्या मालकाचीही असू शकते, पोरगं नुसता चालक असू शकतं. सुजातानं गाडी नाकारली नव्हती. गाडी उभीच होती. 'म्हणून' तेवढं बसकण मारून खाली बसलं होतं.

विलास म्हणाला, "प्लेट बघायची गरज नाय, गाडी आमचीच आहे." आत्याच्या पुढे तो शेवटपर्यंत लढला. पण त्या दिवसापासून सुजाताचं कुलूप उघडलं. प्रश्न आला की ती ओठातल्या ओठात "सगळं खरं, फक्त एक विचारू?" म्हणायची आणि पेन्सिल सरळ योग्य पर्यायावर जायची. आमच्या अख्ख्या वर्गानं ती ओळ उचलली. मीही उचलली. घरी जाऊन तीच वापरली, आणि त्याचा परिणाम असा झाला की आमच्या घरात 'म्हणून' हा शब्द आता कुणी उच्चारत नाही. आमचे हे नुसतं "डोकं दुखतंय" एवढंच सांगतात आणि थांबतात. मुलगा पुण्याहून फोन करतो, बातमी सांगतो, कारण सांगत नाही. माझ्या व्यवसायाची ही खंत म्हणा, मी घरातल्या माणसांची वाक्यं अर्ध्यावर तोडली.

सुजाता चौथ्यांदा पूर्वपरीक्षा पास झाली. मुख्य परीक्षा तोंडावर आली. आणि एका सकाळी तिचे वडील वर्गात आले. पांढरा सदरा, खिशाला पेन, वर्षानुवर्षं धावत्या गाडीत उभं राहिल्यानं पाय थोडे फाकवून उभे राहण्याची सवय.

"जयभीम, मॅडम."

"जयभीम. बसा ना."

ते बसले नाहीत. म्हणाले, "पोरीला स्थळ आलंय. लासूर स्टेशनचं. मुलगा शिक्षक आहे, निर्व्यसनी आहे, माणसं चांगली आहेत. माझ्या बहिणीनंच आणलंय. रविवारी बैठक आहे, पण तारीख त्यांनी आधीच कळवलीय. तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी लग्न."

मी म्हणाले, "मग परीक्षा?"

"पुढल्या साली. परीक्षा दर साली येती मॅडम, असं स्थळ दर साली येत नाय. म्हणून आधी लग्न. तिला तुम्ही समजवा. ती तुमचं ऐकती."

वाचकहो, इथं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी होती. समोर चालता-बोलता युक्तिवाद उभा, स्वच्छ, 'म्हणून'सकट. आणि मी काय केलं? मी विलास झाले.

"असं स्थळ येत नाही असं कोण म्हणतं? शंभर येतील," मी म्हणाले. हातवारे केले. एक पाऊल पुढेही टाकलं.

"तुम्ही आणाल का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"या वेळी ती नक्की पास होणार आहे."

"मागच्या खेपेला पण तुम्ही हेच म्हणला होता."

"अहो, थोडक्यात राहिली ती."

"मॅडम," ते म्हणाले, "थोडक्यात चुकलेली एसटी पण चुकलेलीच असती."

मी खाली बसले. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मला कुणी बसवलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा औषधालाही नव्हता, तेच जास्त लागलं. तीन वर्षं पोरीला आपल्या ड्यूटीच्या एसटीनं सकाळी शहरात आणून सोडणारा बाप होता तो. निकाल लागला की ती रात्रभर जेवत नाही हे त्यांनी बघितलं होतं, मी बघितलं नव्हतं. जाताना त्यांनी मला रविवारी बैठकीला बोलावलं. "तुम्ही घरच्यासारख्या आहात," म्हणाले.

दुपारी सुजाता आली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. "मॅडम, रविवारी या. पण बोलू नका."

"अजिबातच नाही?"

"तुम्ही बोललात की भांडण होतं."

तुम्हीच सांगा, नाट्यस्पर्धेत पारितोषिक घेतलेल्या बाईला अशी भूमिका कुणी देतं का? पण मी शब्द दिला.

रविवारी बिडकीनला त्यांच्या घरी पोचले. समोरची खोली पाहुण्यांनी भरलेली. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली ताजी फुलं. मुलगा सडपातळ, चष्मेवाला, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. त्याच्या शेजारी त्याचे मामा, भारदस्त मिशा, भारदस्त आवाज. मुलाला वडील नाहीत, त्यामुळे बोलणं सगळं मामांचंच. आणि समोर ती प्रसिद्ध आत्या. मी तिच्याकडे आशेनं बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की ती विचारणार नाही. स्थळ तिनंच आणलं होतं. आपणच आणलेल्या स्थळाला कुणी प्रश्न विचारत नाही. घरात प्रश्न विचारणारं माणूस एकच, आणि तेच आज पलीकडच्या बाजूला बसलेलं.

चहा झाला, पोहे झाले. मामांनी मुलाचं सगळं सांगितलं आणि ते सगळं चांगलंच होतं. मग म्हणाले, "तारखेचं तेवढं पक्कं. कार्यालय मिळालंय. त्या तारखेला जमत नसंल तर मग आम्हाला दुसरीकडं बघावं लागंल."

सुजाताच्या वडिलांनी मान हलवली. "जमवू. परीक्षा काय, पुन्हा येती. स्थळ पुन्हा येत नाय."

"बरोबर बोललात," मामा म्हणाले.

माझ्या तोंडात पोह्यांतला एक शेंगदाणा होता. तो मी चावला नाही, न जाणो आवाजाबरोबर शब्दही बाहेर पडायचे.

आतल्या दारातून सुजाता बाहेर आली. चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे उचलायला आली होती. ट्रे उचलला. वळली नाही. मान थोडी तिरकी झाली, आणि मला माहीत होतं पुढे काय येणार.

"सगळं खरं, मामा," ती म्हणाली. "फक्त एक विचारू?"

आत्याची मान झटकन वर आली. मुलीनं बैठकीत तोंड उघडायची पद्धत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पण तिनं 'सगळं खरं' म्हटलं होतं, आता तिला गप्प कसं बसवणार?

"विचार की," मामा म्हणाले.

"आपल्यात मुहूर्त बघत नायत. मग हीच तारीख कशानं ठरली?"

बस, एवढंच. तिनं लग्नाला नाही म्हटलं नाही. परीक्षेचं नावसुद्धा काढलं नाही. ट्रे हातात धरून उभी राहिली. 

मामांनी मिशीवर हात फिरवला. "आता तारीख म्हणजे… कार्यालय मिळायला पाहिजे ना. कार्यालयं कुठं मिळतात."

"खरं आहे," सुजाता म्हणाली, आणि थांबली.

ती पुढे काही विचारणार नाही हे मामांना कळलं नाही. पुढच्या प्रश्नाची वाट बघत ते मिशी कुरवाळत राहिले. मग चष्मेवाला मुलगा, जो तोपर्यंत "हो" आणि "नमस्कार" याशिवाय काही बोलला नव्हता, घसा खाकरून म्हणाला, "मामा, सांगून टाका ना. त्या दिवशी तुमच्या पोरीचं, छायाचं लग्न आहे त्याच कार्यालयात. एका मांडवात दोन्ही उरकायची म्हणून ती तारीख."

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. मला वाटतं ती मीच होते.

"यात वाईट काय?" मामा म्हणाले. "एकदाच पाहुणे येतात, एकदाच जेवतात."

"वाईट काहीच नाही," मुलगा म्हणाला. "पण मला पुढची कुठलीपण तारीख चालंल. परीक्षा झाल्यावर ठेवा. मी थांबतो." मग सुजाताकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मीपण चार वेळा बसलो होतो शिक्षक भरतीला."

आता सगळे सुजाताच्या वडिलांकडे बघत होते. तारीख हलली की स्थळ जाईल, या एका टेकूवर त्यांचं म्हणणं उभं होतं, आणि टेकू मुलानं स्वतःच्या हातानं काढून घेतला होता.  मला वाटलं, ते चिडतील, पोरीला आत जा म्हणतील आणि सगळं संपेल.

"तिकीट काढलंय," ते शेवटी म्हणाले. "आता मधल्या थांब्यावर कशाला उतरवायचं? जाऊ द्या शेवटपर्यंत."

आत्या उठली. सुजाताच्या हातातला ट्रे तिनं काढून घेतला. "मीच आणलेल्या स्थळाला माझंच हत्यार," ती म्हणाली. आवाज रागाचा होता, चेहरा अजिबात नव्हता. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

सुजातानं तिच्याकडे बोट दाखवलं.

मी तेव्हा शेंगदाणा गिळला.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, झालं." मी वर्गात नाचले. गणिताच्या सरांना टाळी दिली. बाबूभाईंनी आपल्या दोन वादकांना जिन्याच्या पायथ्याशी उभं करून एक धून वाजवायला लावली आणि अख्खा रस्ता वर बघायला लागला. पुढच्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं, स्वतंत्र मांडवात, आणि बँड बाबूभाईंचाच होता.

विलासचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. विलास त्या वर्षीही नापास झाला आणि पुढच्या वर्षीही. मग गंगापूरला गेला. तिथं त्यानं शेतीच्या अवजारांचं दुकान टाकलं आहे, कंपनीवाल्यांशी रोज भांडतो आणि म्हणे दुकान जोरात चालतं. भेटला की मला म्हणतो, "मॅडम, रांग नव्हतीच." असे विलास माझ्याकडे पुष्कळ येऊन गेले. सुजाताचं नाव मला झोपेतही आठवतं, त्यांच्यातल्या कित्येकांची आठवत नाहीत. हेही या धंद्यात होतं.

आता शेवटची गोष्ट. वर्गवाल्यांचा एक सण असतो, निकालानंतरचा फ्लेक्स. चौकात पोराचा फोटो, खाली वर्गाचं नाव. मी इतकी वर्षं तो मोह टाळला होता. पण सुजाताची गोष्टच अशी होती. चौथा प्रयत्न, बिडकीन, एसटी वाहकाची मुलगी. मी मजकूर स्वतः लिहिला. 'आमच्या वर्गात आली, आमच्या पद्धतीनं शिकली, म्हणून अधिकारी झाली.' छपाईवाल्याकडून नमुना आणला, टेबलावर पसरला, आणि सुजाता रजेवर घरी आली तेव्हा तिला फोटो पसंत करायला बोलावलं.

ती आली. बँकेत बसून चेहऱ्यावर एक नवाच ठामपणा आला होता. नमुना तिनं नीट वाचला, दोन्ही हातांनी धरून. मग मान थोडी तिरकी केली.



"सगळं खरं, मॅडम," ती म्हणाली. "फक्त एक विचारू?"

"विचार."

"विलास माझ्याच शेजारी बसायचा ना?"

  वर्ग तोच, पद्धत तीच, बाकसुद्धा तेच, मधे फक्त एक दप्तर, आणि तो नापास. माझं कपाट डुगडुगलं आणि चकती तिच्या हातात होती. मी टेबलावर हात आपटून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तीही हसली, मग माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वरच्या वर धरलं. नमुन्याची गुंडाळी करून मी कपाटाच्या मागे सारली. ती अजून तिथंच आहे.

आम्ही दोघी बरोबर जिना उतरलो. बाबूभाई खुर्चीत बसून ट्रम्पेट पुसत होते.

"मॅडम, आज किसकू कमजोर करे?"

"आज हमारे क्लासकू," मी म्हणाले.

त्यांनी पुसणं थांबवलं. "कौन किया?"

मी सुजाताच्या खांद्यावर हात ठेवला.

"हमारे क्लासनेच," मी म्हणाले.